गल्लीतला दिवा कुणी लावायचा?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराबद्दल ओझरतं लिहिलं होतं. २०१२ साली या शहरात ३८६ खून झाले होते, २०२४ साली २०३. इतका कमी आकडा १९६५ नंतर कधी आला नव्हता. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यांनाच देते आहे.

उत्तर देणारी बाई कोण, हे तुम्हाला कळायला हवं. मी मूळची लालबागची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा नववीत होते. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. लग्नानंतर १९९३ पासून डेट्रॉइटमध्ये राहते. इथली बहुतेक मराठी कुटुंबं नोव्ही, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत आहेत, आमचं घर मात्र शहराच्या हद्दीत आहे. एका शाखा-वाचनालयात चोवीस वर्षं नोकरी केली. पोलीस खात्याशी माझा काही संबंध नाही. धंदा बसल्यावर गल्लीचं काय होतं, ते दोनदा घरात बसून पाहिलंय, तेवढ्याच अधिकाराने बोलते.

प्रश्न : ताई, आमचं यंत्रमागांचं गाव. निम्मे माग भंगारात गेले. पालिकेकडे पगाराला पैसे नाहीत, गल्लीतले दिवे महिनोन्‌महिने बंद. दिवाळीनंतर आमच्या वॉर्डात चार घरफोड्या झाल्या. सासूबाईंच्या गळ्यातली माळ भर संध्याकाळी ओढून नेली, त्या पडल्या, मनगट मोडलं. पोलीस म्हणतात माणसं नाहीत, पालिका म्हणते पैसे नाहीत. तुमच्या डेट्रॉइटकडे डॉलर तरी होते. आम्ही काय करायचं? – एक गृहिणी, पश्चिम महाराष्ट्र. गावाचं नाव छापू नये.

उत्तर : आधी सासूबाईंची चौकशी करते. मनगट जुळून येईल, पण पडलेलं माणूस नंतर संध्याकाळी दाराबाहेर यायला घाबरतं. त्यांना रोज कुणीतरी सोबत घेऊन नाक्यापर्यंत चालवून आणा. हे मी औपचारिकपणे लिहीत नाही. संध्याकाळी रस्त्यावर म्हातारी माणसं दिसणं ही गल्लीची अर्धी राखण असते.

आता डॉलरचं. डॉलर नव्हते. १८ जुलै २०१३ ला डेट्रॉइटने दिवाळं जाहीर केलं. कर्ज होतं सुमारे १,८०० कोटी डॉलर. अमेरिकेत एवढं मोठं शहर त्याआधी कधी बुडालं नव्हतं. राज्याने नेमलेले व्यवस्थापक केविन ऑर यांनी महिनाभर आधी देणेकऱ्यांपुढे जो हिशोब मांडला, तो मी वाचनालयात उभ्या उभ्या वाचला होता. अत्यंत तातडीच्या फोननंतर पोलीस यायला सरासरी ५८ मिनिटं, देशाची सरासरी ११. रुग्णवाहिका तीनातली एकच चालू. शंभर गुन्ह्यांमागे नऊसुद्धा उलगडत नव्हते. ८८,००० पथदिव्यांपैकी सुमारे ४० टक्के बंद.

असं का झालं ते समजून घ्या, कारण तुमच्या गावाचं दुखणं तेच आहे. १९५० साली इथे साडेअठरा लाख लोक होते, २०१० साली सव्वासात लाखही उरले नाहीत. मोटारींचे कारखाने बंद झाले, काही बाहेर गेले, लोक निघाले. पण रस्त्यांची लांबी तेवढीच राहिली. खांब तेवढेच, नळ तेवढेच, गटारं तेवढीच, आणि कर भरणारे निम्म्याहूनही कमी. तुमच्याकडे माग गेले, गल्ली तेवढीच लांब आहे.

माझं म्हणणं एकच आहे, ते इथेच सांगून टाकते. पैसा नसलेल्या शहरात गुन्हा वाढतो तो नुसत्या गरिबीने नाही. हाकेला ओ देणारं कुणी उरलेलं नाही, हे सगळ्यांना कळतं, म्हणून वाढतो. फोन केला तर कुणी येत नाही, दिवा गेला तर कुणी लावत नाही, घर रिकामं पडलं तर कुणी विचारत नाही. चोराला ते आपल्याआधी कळतं. तेव्हा पहिला रुपया कुठे घालायचा, तर जिथे हाकेला ओ मिळाल्याचं लोकांना डोळ्यांनी दिसेल तिथे.

आमच्याकडे दिव्यांपासून सुरुवात झाली. जुने दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकात एक गुंफलेले होते, एक गेला की अख्खी रांग अंधारात. वर तांब्याच्या तारा चोरून भंगारात विकणारे होतेच. मग दिव्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं, म्हणजे शहराच्या जुन्या कर्जाचा तगादा त्याच्या पैशाला लागणार नाही. वीज-गॅसच्या बिलांवरच्या करातले दरसाल सव्वा कोटी डॉलर त्याला बांधून दिले आणि त्या भरवशावर साडेअठरा कोटी डॉलर उभे केले. ८८,००० ऐवजी ६५,००० दिवे बसवायचे ठरले, पण सगळे पेटते. प्रत्येक चौकात एक, लांब गल्लीत मध्ये एक. तार तांब्याची नाही, ॲल्युमिनियमची, चोरून फारसं काही मिळू नये म्हणून. डिसेंबर २०१६ ला काम पुरं झालं. पुढे २०१९ साली त्यातले हजारो दिवे वेळेआधीच मंद पडू लागले आणि पुरवठादाराला कोर्टात खेचावं लागलं, हेही सांगितलं पाहिजे. दिवा लावणं एक आणि तो लागता ठेवणं दुसरं.

आमच्या गल्लीत नवा दिवा लागला तो एका शनिवारी. वाचनालयातून परतताना समोरच्या कोपऱ्यावर पोरांचं एक टोळकं उभं असायचं. दोन हिवाळे मी त्यांना टाळून रस्ता ओलांडत होते. त्या रात्री पहिल्यांदा त्यांचे चेहरे दिसले. पाचातली तीन पोरं वाचनालयात रोज संगणकावर बसायला येणारी. एकाने हात केला. दोन वर्षं मी ज्यांच्या भीतीने वळसा घालत होते, त्यांना मीच पुस्तकं दिली होती.

न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींत मोठे दिवे उभारून अभ्यास केला गेला, तिथे रात्री बाहेर घडणारे गंभीर गुन्हे ३६ टक्क्यांनी कमी झाले. पोलीस वाढवले नव्हते, फक्त उजेड वाढवला होता.

तुम्ही करायचं ते असं. चार बायका मिळून एका संध्याकाळी वही घेऊन वॉर्ड फिरा. प्रत्येक खांबाचा नंबर लिहा, नंबर नसेल तर कुणाच्या दारासमोर ते लिहा. कुठला बंद, कधीपासून, हे लिहा. मग सगळे दिवे मागू नका. जिथे वळण आहे, जिथे मुली शिकवणीहून परततात, जिथे माळ ओढली गेली, ते दहा खांब आधी मागा. निम्म्याहून कमी मागणी घेऊन गेलं की अधिकाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. केंद्र सरकारचा एलईडी पथदिव्यांचा कार्यक्रम २०१५ पासून आहे, त्यात खर्च विजेच्या बिलातल्या बचतीतून फेडायचा असतो. तुमच्या पालिकेने त्याचं काय केलं, हे लेखी विचारा. उत्तराची तारीख वहीत टाका. महिन्याने तीच वही घेऊन परत जा.

आता पैशाविना होण्याजोगं. आमच्या गल्लीत अडतीस घरं. २०११ साली त्यातली अकरा रिकामी होती. आमच्या डावीकडचं घरही रिकामं. पलीकडे राहणारे गृहस्थ मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. पहिला बर्फ पडला त्या सकाळी ते उठून रिकाम्या घराच्या दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. मला वाटलं काही हरवलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विचारलं तर म्हणाले, “दारापर्यंत पाऊलखुणा नसल्या की घर रिकामं आहे हे रस्त्यावरूनच दिसतं.” मग एक दिवस ते, एक दिवस मी, असं तीन हिवाळे चाललं. त्यांची जुनी गाडी त्या घराच्या दारात उभी असायची, दर दोन दिवसांनी ते ती हातभर पुढे-मागे करत. खिडकीला माझ्या दोन जुन्या साड्यांचे पडदे लावले. उन्हाळ्यात गवत कापलं, दारात साठलेली जाहिरातपत्रकं उचलली. गल्लीतली इतर घरं फुटली, नळ-तारांसाठी आतून खरवडली गेली, दोन जळाली. हे घर शाबूत राहिलं आणि २०१६ साली एका कुटुंबाने ते विकत घेतलं. आता त्यांची मुलं आमच्या ओट्यावर खेळतात. इथल्या घरांना पुढे पोर्च असतं, ती आमच्या चाळीची गॅलरीच म्हणा. अंधार पडला की प्रत्येकाने पोर्चवरचा दिवा लावायचा, एवढा ठराव गल्लीने केला होता.

तुमच्याकडे बंद पडलेल्या मागांच्या शेड असतील, झाडोरा माजलेले प्लॉट असतील. त्यांचा बंदोबस्त आधी करा. फिलाडेल्फियात ५४१ पडीक जागा घेऊन प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. तिथला कचरा काढला, गवत लावलं, थोडी झाडं, आणि बुटकं लाकडी कुंपण, इतकंच. गरीब वस्त्यांत अशा जागांभोवती गोळीबार २९ टक्क्यांनी घटला. झाडोऱ्यात हत्यार लपवता येतं, कापलेल्या गवतात येत नाही.

आणि आपल्या भिवंडीला विसरू नका. तेही मागांचंच गाव. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं. तिथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. कॉन्स्टेबलने आपल्या भागातल्या दोन्ही समाजांच्या माणसांना नियमाने एकत्र बसवायचं, भांडण नळाचं असो की भोंग्याचं, तिथेच ऐकायचं. डिसेंबर १९९२ ला मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यासाठी वेगळा निधी आला नव्हता. तुमच्या ठाण्याला माणसं नसतील, पण बीटचा एक हवालदार तरी असेल. महिन्यातून एकदा ठरल्या वारी, ठरल्या वेळी त्याने तुमच्या देवळात किंवा शाळेत तासभर बसावं, एवढंच मागा.

गस्त घालायची तर घाला, पण एक अट पाळा. इथे ३० ऑक्टोबरच्या रात्री रिकामी घरं पेटवायची विकृत प्रथा पडली होती. १९८४ साली त्या दोन-तीन दिवसांत ८०० हून जास्त आगी लागल्या. १९९५ पासून महापौर डेनिस आर्चर यांच्या हाकेला लोक हजारोंनी उतरले, गाडीवर पिवळा दिवा लावून आपापल्या गल्लीत रात्रभर फिरले. आगी ओसरत गेल्या. मीही कितीतरी वर्षं गेले. नियम एकच होता : पाहायचं आणि कळवायचं. कुणाला अडवायचं नाही, हात लावायचा नाही. तुमच्या गावात परप्रांतीय मागवाले असतील, फिरस्ते असतील, पालावरची माणसं असतील. संशयावरून कुणाला मारहाण झाली की गल्ली सुरक्षित राहत नाही, ती फक्त आणखी एका माणसासाठी धोक्याची होते. मंडळाच्या मुलांना काठ्या देऊ नका. शिट्टी, टॉर्च आणि फोन पुरे.

प्रश्न : आमच्या व्यापारी संघाने वर्गणी काढून बाजारपेठेत सीसीटीव्ही बसवायचं ठरवलं आहे. डेट्रॉइटमध्ये हा प्रयोग यशस्वी झाला असं ऐकतो. पैसे घालावेत का? – एक कापड दुकानदार, खानदेश

उत्तर : घालायचे तर घाला, भाऊ, पण दुकानदार माल घेताना विचारतो तसे चार प्रश्न आधी विचारा.

इथे १ जानेवारी २०१६ ला आठ पेट्रोलपंपांपासून ‘प्रोजेक्ट ग्रीन लाइट’ सुरू झालं. रात्री दहानंतर जे गुन्हे होत, त्यातले बरेच पंपांच्या आसपास होत होते. दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने चांगले कॅमेरे आणि उजेड बसवायचा, दारावर हिरवा लुकलुकता दिवा लावायचा, आणि चित्र थेट पोलीस मुख्यालयात जायचं. बसवायला चार ते सहा हजार डॉलर, वर दरमहा भाडं. पुढे शेकडो दुकानं त्यात आली. रात्री औषधाच्या दुकानात जाताना मला त्या हिरव्या दिव्याने बरं वाटतं, हे खरं आहे. पण किती गुन्हे कॅमेऱ्याने थांबले आणि किती त्याच वर्षी एरवीही घटले असते, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणि ज्याला सहा हजार डॉलर झेपत नाहीत त्या छोट्या दुकानदाराची हाक मागून ऐकली जायची का, हा प्रश्न आमच्या भागात लोकांनी तेव्हाच उभा केला होता.

म्हणून विचारा : चित्र बघणारं कुणी आहे का? रात्री दोन वाजता कोण बघतं, त्याचं नाव काय? कॅमेरा बंद पडला तर किती दिवसांत दुरुस्त होणार, वार्षिक देखभालीचे पैसे कुणाकडे? साठवलेलं चित्र किती दिवस ठेवणार आणि कुणाला दाखवणार? मी मुंबईला येते तेव्हा नाक्यानाक्यावर धुळीने भरलेले, मान टाकलेले कॅमेरे पाहते. असा कॅमेरा नसलेला बरा, कारण चोराला तो बंद आहे हे ठाऊक असतं आणि तुम्हाला नसतं.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : चेहरा ओळखणारं यंत्र त्याला जोडणार का? इथे दुकानातल्या घड्याळांच्या चोरीचं चित्र अशा यंत्राला दाखवलं, यंत्राने भलत्याच माणसाचं नाव दिलं. जानेवारी २०२० मध्ये त्याला फार्मिंग्टन हिल्समध्ये त्याच्या घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. रात्रभर कोठडीत ठेवलं. तो काळा होता, आणि अशी यंत्रं काळ्या चेहऱ्यांबाबत जास्त चुकतात. २०२४ साली शहराने तीन लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नियम झाला की नुसत्या यंत्राच्या सांगण्यावरून कुणाला अटक करायची नाही. फार्मिंग्टन हिल्समध्ये माझ्या कितीतरी मैत्रिणी राहतात. त्या मुली आता मोठ्या झाल्या असतील. त्यांनी दारातून काय पाहिलं, ते कुठल्याच तडजोडीत पुसलं जात नाही.

तेव्हा कॅमेऱ्याच्या वर्गणीतला निम्मा पैसा बाजारपेठेच्या मागच्या बोळातल्या दिव्यांना आणि एका चांगल्या पगाराच्या रात्रपाळीच्या माणसाला द्या. चांगला पगार हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत.

प्रश्न : मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बसमध्ये माझ्याबाबतीत जे झालं ते मी घरीही सांगितलेलं नाही. मैत्रीण म्हणते तक्रार कर. पण ज्या शहरात पोलिसांकडे जीपला डिझेल नाही तिथे माझी तक्रार कोण बघणार? – विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू विचारलंस ते बरोबर विचारलंस, म्हणून खोटा धीर देत नाही.

डेट्रॉइटमध्ये २००९ साली पोलिसांच्या एका गोदामात खोकी सापडली. बलात्कारानंतर दवाखान्यात पुरावा गोळा करतात, तासन्‌तास तपासणी होते, बाई थरथरत असते, तरी ती कबूल होते कारण तिला सांगितलेलं असतं की याने गुन्हेगार सापडेल. त्या पुराव्याची एक-एक पेटी. अशा ११,३४१ पेट्या, काही दशकांपूर्वीच्या, प्रयोगशाळेत कधी गेल्याच नव्हत्या. एवढ्या हाका गोदामात रचून ठेवलेल्या होत्या.

वेन परगण्याच्या सरकारी वकील किम वर्दी यांनी हे प्रकरण धरून ठेवलं. पैसे नाहीत, हे उत्तर त्यांनाही मिळालं. तेव्हा शहरातल्या बायका पुढे आल्या. एक पेटी तपासायला सुमारे ४९० डॉलर लागत होते. काळ्या बायकांच्या एका गटाने ठरवलं की एकेका बाईने ४९० डॉलर द्यायचे किंवा जमवायचे, म्हणजे एकीने एका अनोळखी बाईची पेटी उघडायची. आमच्या वाचनालयात आम्ही सहाजणींनी मिळून एक पेटी भरली. सरकारी आणि खासगी पैसा हळूहळू येत गेला आणि साठलेल्या सगळ्या पेट्या तपासल्या गेल्या. त्यातून असे शेकडो पुरुष सापडले ज्यांनी एकाहून जास्त बायकांवर अत्याचार केले होते. पहिलीची पेटी वेळेवर उघडली असती, तर पुढच्या वाचल्या असत्या. गुन्हा रोखणं म्हणजे नुसती गस्त नाही, झालेल्या गुन्ह्याची तक्रार फाइलमध्ये कुजू न देणं हेही त्यात येतं. किंबहुना माझ्या मते तेच आधी येतं.

तुझी तक्रार लगेच मार्गी लागेल असं मी म्हणू शकत नाही. पण ती लिहिलेली असली, तारीख असली, तर ती उद्या उघडता येते. सांगितलीच नाही तर उघडायला काही उरत नाही. कायद्याने तू कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवू शकतेस, हद्दीचं कारण सांगून त्यांना परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नकोस. महिलांसाठीचा १८१ आणि तातडीसाठीचा ११२ हे नंबर फोनमध्ये ठेव. एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला ने. आणि आईला सांग. ती कदाचित आधी रडेल किंवा रागावेल, पण तिला तुझ्या बाजूने उभं राहायची संधी दे. मला पुन्हा लिही. छापणार नाही, पण उत्तर नक्की देईन.

प्रश्न : आम्ही नोव्हीत राहतो. मुलाला डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. पाठवावं का? – एक आई

उत्तर : खुशाल पाठवा. विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस दल १९६६ पासून आहे, ते आजूबाजूच्या मिडटाउन भागातही गस्त घालतं. ज्या काळात शहरात ५८ मिनिटं लागत होती, त्याच काळात त्यांचा शिपाई साधारण दीड मिनिटात पोचायचा. मुलाला त्यांचा नंबर पाठ करायला सांगा, गाडीत बॅग ठेवू नको म्हणावं. आणि त्याला एक गोष्ट दाखवा. तो दीड मिनिटाचा हिशोब जिथे संपतो, त्या रस्त्याच्या पलीकडेही माणसं राहतात. कधीमधी तिथे जेवायला जाऊ द्या. तुम्हीही या, माझ्याकडे चहाला थांबा.

प्रश्न : आमच्या वाडीतली दहावी-बारावी नापास पोरं दिवसभर कट्ट्यावर असतात. आज गुटखा, उद्या गांजा, परवा कुणाच्या तरी सांगण्यावरून हाणामारी. कारखाना बंद पडल्यापासून यांना काम देणारं कुणी नाही. यांना तडीपार करा म्हणून अर्ज द्यावा असं काहीजण म्हणतात. – निवृत्त गिरणी कामगार, मुंबई

उत्तर : काका, अर्जावर सही करू नका. तडीपार केलेलं पोरगं कुठेतरी जातंच, आणि तिथे त्याला ओळखणारं कुणी नसतं.

शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात, सगळ्यात जास्त मारामाऱ्या होणाऱ्या १३ शाळांतल्या १,६३४ मुलांमधून सोडत काढून काहींना आठ आठवड्यांचं काम दिलं. आठवड्याला २५ तास, किमान वेतन, बाग साफ करणं, छोट्यांच्या शिबिरात मदत, असलंच. काम मिळालेल्यांत पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे काम संपल्यावरही फरक टिकला. पैशापेक्षा, सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, उशीर झाला तर फोन करतंय, याने तो पडला असावा असं मला वाटतं. डेट्रॉइटमध्ये २०२३ पासून आणखी एक गोष्ट चालू आहे. ज्या वस्तीत गोळीबार जास्त, तिथल्याच संस्थेला ठराविक रक्कम देतात, आणि तिच्या भागात गोळीबार शहराच्या मानाने जास्त घटला तर आणखी. काम करणारे त्याच गल्लीतले, काहीजण स्वतः तुरुंगात जाऊन आलेले. भांडण पेटलं की बंदूक निघायच्या आधी घरी पोचतात. त्यासाठी कोविड काळातल्या केंद्राच्या मदतीचा पैसा आला, आणि २०२२ च्या शेवटी पोलिसांनाही सरासरी दहा हजार डॉलरची पगारवाढ मिळाली, नाहीतर इथे शिकून ते उपनगरात निघून जात होते. शेजाऱ्यांनी एकट्याने हे केलं असं मी सांगणार नाही. पैसा लागलाच. पण तो आला तेव्हा तो हातात घ्यायला गल्लीत माणसं उरलेली होती.

तुम्ही गिरणी कामगार, तुम्हाला मी लालबागचं काय सांगावं? अडीच लाख माणसं घरी बसली. आमच्या चाळीत संपाच्या दुसऱ्या वर्षी भांडी विकली गेली, आईने खानावळीचे डबे सुरू केले. माझा धाकटा भाऊ आणि त्याचा जिवलग मित्र दोघंही पंधरा-सोळाचे. दोघांनीही शाळा सोडली. नाक्यावर बसणाऱ्या ‘भाई’ लोकांची नजर दोघांवर होती, चहा-वडापाव त्यांच्याकडूनच यायचा.

तळमजल्यावर एक टेंपोवाले काका राहायचे. भायखळ्याच्या बाजारातून भाजी उचलायचे. एका रात्री ते आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि भावाला म्हणाले, “उद्यापासून चारला खाली ये. पाच रुपये देईन, उशीर झाला तर वर येऊन उठवीन.” ते खरंच दोन-तीनदा वर आले होते, मला त्यांच्या चपलांचा आवाज आठवतो. टेंपोत जागा एकाच पोराची होती. भावाच्या मित्राला कुणी विचारलं नाही. १९९१ साली परळच्या एका गल्लीत त्याला गोळी लागली, चोवीस वर्षांचा होता. माझा भाऊ आज डोंबिवलीत आहे, त्याचे स्वतःचे दोन टेंपो आहेत, आणि गेली पंधरा वर्षं तो गाडीवर दोन पोरं ठेवतो. काम एकाचंच असतं.

तुमच्या कट्ट्यावर किती पोरं बसतात, काका? नावं माहीत आहेत? सोसायटीचं रंगकाम, गणपतीचा मांडव, कुणाचं दुकान, कुणाची गॅरेज, वाडीत एकेका पोराला सकाळी उठवणारं कोण कोण निघतं, ते लिहून मला कळवा.